सड्यावरचा चंडोल आणि पडवीतलं मांजर

आमच्या घरामागची चढण चढून गेलं की सडा लागतो. जांभ्या दगडाचं उघडं पठार. उन्हाळ्यात पाय ठेववत नाही इतकं तापतं आणि पाऊस लागला की पंधरा दिवसांत हिरवंगार होतं. तिथे मलबारी चंडोल राहतो. चिमणीहून जरा थोराड, मातकट रंगाचा, डोक्यावर टोकदार तुरा. दगडांत बसला तर समोर असून दिसत नाही आणि हवेत उठला की दिसण्याआधी ऐकू येतो. गातो आकाशात, पण घरटं करतो जमिनीवर. गवताच्या बेटाला नाहीतर एखाद्या दगडाला टेकून वाटीएवढा खळगा, त्यात गवताच्या काड्या, त्यात दोन-तीन अंडी. झाडाची उंची नाही, ढोलीचा आडोसा नाही. त्याचा सगळा भरवसा रंगावर आहे. मातीत माती होऊन बसायचं.

याचा चुलतभाऊ म्हणजे तुरेवाला चंडोल. तो उत्तर भारतापासून पार युरोपापर्यंत आढळतो. जर्मनीच्या नैऋत्य भागातल्या वाल्डोर्फ गावात त्याच्या बोटांवर मोजण्याइतक्याच जोड्या उरल्या होत्या, म्हणून २०२२ साली तिथल्या प्रशासनाने आदेश काढला. गावाच्या दक्षिण भागातल्या लोकांनी विणीच्या काळात, ऑगस्ट संपेपर्यंत, मांजरं घराबाहेर सोडायची नाहीत. पुढची तीन वर्षंही एप्रिल ते ऑगस्ट हाच नियम. मांजराला बाहेर न्यायचंच असेल तर दोरी लावून न्यायचं. नियम मोडला तर ५०० युरो दंड, आणि मांजराने चंडोलच मारला तर तो ५०,००० युरोंपर्यंत जाऊ शकत होता.

ही गोष्ट मी शेजारच्या माईंना सांगितली. त्यांच्या घरात कधी तीन मांजरं असतात, कधी सात. तांदूळ निवडता निवडता त्या म्हणाल्या, "माजर कोण बांदून दवरता गो?" मांजर कधी कोणी बांधून ठेवतं का! त्यांचा प्रश्न रास्त आहे. गाय दाव्याला असते, कुत्रा साखळीला असतो, पण मांजराला आपण पूर्वापार मोकळंच ठेवत आलो. मग युरोपात आणि ऑस्ट्रेलियात लोक मांजरं आत ठेवायला का लागले? आणि गोव्यासारख्या ठिकाणी, जिथे घराच्या मागच्या दारापासून रान सुरू होतं, तिथे ते आपल्यालाही लागू आहे का? गेली काही वर्षं हा विषय माझ्या डोक्यात आहे, कारण माझ्याकडेही मांजर आहे आणि सड्यावरचा चंडोलही मला हवा आहे.

सुरुवात मांजरापासूनच करू. आपलं घरगुती मांजर मूळचं इथलं नाही. पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेत एक रानमांजर आहे, त्याचे हे वंशज. माणूस शेती करू लागला, धान्य साठवू लागला, धान्याला उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर आलं. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीची एक कबर सापडली आहे, तिच्यात माणसाशेजारी मांजर पुरलेलं आहे. म्हणजे ओळख जुनी. आपल्याकडे तर ते सटवाईचं वाहन. हातून मांजर मेलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान करावं लागतं, असं माझी आजी सांगायची. त्या धाकाने कितीतरी मांजरं वाचली असतील. ही माया मला मोलाची वाटते, आणि पुढे जे लिहिणार आहे ते या मायेला सोडून नाही.

पण गाय, म्हैस, कुत्रा यांना माणसाने जसं हजारो वर्षं निवडून निवडून घडवलं, तसं मांजराला घडवलं नाही. ते उंदीर मारायचं, एवढंच आपल्याला हवं होतं, आणि ते काम त्याला आधीच येत होतं. त्यामुळे आज उशाशी झोपणारं मांजर आतून जवळजवळ तेच आहे जे धान्याच्या कोठाराशी पहिल्यांदा आलं. पंजा तोच, दात तेच, कान तेच. आपण त्याला वाघाची मावशी म्हणतो ते उगाच नाही.

आता या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. बहुतेकांना वाटतं की पोट भरलेलं मांजर शिकार करत नाही. मलाही तसंच वाटायचं. पण मांजराची भूक आणि मांजराची शिकार या दोन वेगळ्या कळा आहेत. १९७६ साली एका प्रयोगात मांजरांना त्यांचं आवडतं खाणं दिलं आणि ती खात असतानाच जवळ जिवंत उंदीर आणला. मांजरांनी खाणं अर्धवट टाकलं, उंदीर मारला, तो ताटलीपाशी आणून ठेवला आणि पुन्हा आपलं खाणं खायला लागली. यात क्रूरपणा शोधू नये. रानातल्या छोट्या शिकाऱ्याचे दहातले बरेच प्रयत्न वाया जातात. भूक लागेपर्यंत थांबणारा उपाशी मरतो, म्हणून संधी दिसली की झडप घालायची ही सवय त्याच्या रक्तात मुरली आहे. आपण बांगड्याचं डोकं घातलं म्हणून ती सवय जात नाही.

आणि याच बांगड्याच्या डोक्यामुळे निसर्गाचा हिशेब बिघडतो. आपल्या रानात रानमांजर आहे, वाघाटी आहे, उदमांजर आहे. हेही पक्षी, सरडे, उंदीर खातात. पण त्यांच्या संख्येला शिकारीचा लगाम असतो. भक्ष्य कमी झालं की त्यांची पिल्लं जगत नाहीत, संख्या घटते, आणि भक्ष्याला पुन्हा वाढायला उसंत मिळते. घरच्या मांजराला हा लगाम नाही. सड्यावरचे चंडोल निम्मे झाले काय नि संपले काय, त्याला संध्याकाळी भात-मासे मिळणारच. रानातला शिकारी शेवटच्या दोन चंडोलांच्या मागे जन्म घालवू शकत नाही, कारण तोवर तो उपाशी मेलेला असतो. पोसलेला शिकारी मात्र शेवटच्या चंडोलापर्यंत पोचू शकतो. शिवाय जिथे एखादं रानमांजर काही चौरस किलोमीटरांत एकटं फिरतं, तिथे आपल्या एका वाड्यावर, म्हणजे गावातल्या एका वस्तीत, वीस-पंचवीस घरगुती मांजरं असतात.

हे कागदावरचं तर्कशास्त्र झालं. प्रत्यक्षात काय दिसतं? बेटांवर जे दिसलं ते भयंकर आहे. न्यूझीलंडजवळच्या स्टीफन्स बेटावर १८९४ साली दीपगृह सुरू झालं, तिथे राहायला गेलेल्या माणसांबरोबर मांजरंही गेली. त्या बेटावर एक इवलासा, उडता न येणारा पक्षी होता. मांजरांनी मारून आणलेल्या पक्ष्यांवरूनच शास्त्रज्ञांना त्याची ओळख पटली, आणि काही वर्षांतच तो जगातून नाहीसा झाला. दीपगृहाच्या रखवालदाराच्या एकाच मांजरीने अख्खी जात संपवली अशी कथा रूढ आहे. प्रत्यक्षात मांजरं अनेक होती, तिथे ती रानटी होऊन वाढली होती. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक आढाव्यात पक्षी, सस्तन प्राणी आणि सरपटणारे प्राणी यांच्या मिळून ६३ जाती नामशेष होण्यात मांजराचा हात होता असं दिसलं. यातल्या बहुतेक बेटांवरच्या.

अमेरिकेत २०१३ साली मांडलेल्या अंदाजानुसार मोकाट फिरणारी मांजरं तिथे दरवर्षी १३० ते ४०० कोटी पक्षी मारतात. आकडा एवढा मोठा आहे की त्याखालची दुसरी ओळ वाचायची राहून जाते. यातला मोठा वाटा, दोन तृतीयांशांहून जास्त, कोणाच्याही मालकीच्या नसलेल्या मांजरांचा होता. ही ओळ लक्षात ठेवा, तिच्याकडे मी परत येणार आहे. ऑस्ट्रेलियात तर पाळीव मांजरांचाच वेगळा हिशेब मांडला गेला. बाहेर फिरणारं एक पाळीव मांजर वर्षाला सरासरी १८६ पक्षी, सरडे आणि छोटे सस्तन प्राणी मारतं. त्या देशाची राजधानी कॅनबेरा इथे १ जुलै २०२२ नंतर जन्मलेलं प्रत्येक मांजर घरात किंवा बंदिस्त अंगणातच ठेवायचं असा कायदा आहे. जुन्या मांजरांना बहुतेक भागांत सूट, नव्यांना बंधन. मला ही तोड शहाणपणाची वाटते. पुढे सांगते का ते.

मात्र हे आकडे उचलून जसेच्या तसे गोव्याला लावणं चूक होईल. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये माणसाने नेईपर्यंत मांजरवर्गातला एकही प्राणी नव्हता. तिथल्या प्राण्यांना मांजरासारख्या शिकाऱ्याची भीतीच ठाऊक नव्हती. आपल्याकडे वाघापासून वाघाटीपर्यंत सगळी मंडळी हजारो वर्षं आहेत. आपला दयाळ, आपला सरडा, आपला सातभाई यांना मांजर म्हणजे काय ते पुरतं कळतं. सातभाईंचा थवा मांजर दिसल्याबरोबर कसा ओरडून ओरडून आख्खं कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, जागं करतो ते तुम्ही ऐकलं असेल. ब्रिटनमधली पक्षीसंरक्षणाची सर्वांत मोठी संस्थाही सांगते की बागेतल्या मांजरांमुळे तिथल्या पक्ष्यांची एकूण संख्या घटते असा स्पष्ट पुरावा नाही. जे मांजर पाळतात आणि पक्ष्यांवरही प्रेम करतात त्यांनी हेही तितकंच गंभीरपणे घ्यावं.

मग गोव्यात प्रश्न नाहीच का? आहे. पण त्याचं रूप वेगळं आहे. सहा देशांत ९२५ पाळीव मांजरांच्या गळ्यात जीपीएस बांधून ती कुठे जातात हे पाहिलं गेलं. २०२० साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. बहुतेक मांजरं घरापासून शंभर मीटरच्या आतच फिरत होती. हे ऐकून आधी हायसं वाटतं. पण मग ध्यानात येतं की सगळी शिकार त्या शंभर मीटरांतच दाटीने होते. त्याच अभ्यासात असं निघालं की तेवढ्या जागेवर पाळीव मांजराचा भार तिथल्या रानटी शिकाऱ्याच्या चौपट ते दहापट पडतो.

म्हणून खरा प्रश्न हा की तुमच्या घराभोवतीच्या शंभर मीटरांत काय आहे? मडगावात तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याच्या शंभर मीटरांत रस्ता, दुकानं, पारवे आणि कावळे आहेत. चोडणला खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेताच्या, कडेला राहणाऱ्याच्या शंभर मीटरांत खारफुटी आहे, आणि तिथलं सलीम अली पक्षी अभयारण्य पुरतं दोन चौरस किलोमीटरही नाही. फोंड्याच्या कुळागरवाल्याच्या शंभर मीटरांत पोफळी, मिरवेल, पाण्याचा पाट, त्यातले बेडूक आणि दगडी बांधातल्या पाली आहेत. सत्तरी तालुक्यात घराच्या मागे थेट जंगल. आणि आमच्यासारख्यांच्या शंभर मीटरांत सड्याची कड. तिथे चंडोल आहे, टिटवी उघड्या खड्यांत अंडी घालते, रातवा तर घरटंसुद्धा करत नाही, पाचोळ्यावरच अंडी ठेवतो. हे सगळे जमिनीवरचे पक्षी. आधीच सडे खाणींनी, बांधकामांनी, भूखंडांनी कुरतडले गेलेत. जे उरलंय ते तुकड्या-तुकड्यांत, आणि प्रत्येक तुकड्याच्या काठाला घरं. जमिनीवरचं बेट म्हणतात ते हेच. बेटांवर मांजर काय करतं ते वर सांगितलंच.

आमची चिंगी बाहेर जात होती तेव्हा काय काय आणायची ते मी लिहून ठेवायला लागले. वाटलं होतं उंदीर सगळ्यांत जास्त असतील. वहीत सगळ्यांत जास्त निघाल्या सापसुरळ्या आणि पाली. मग सरडे. एक नानेटी साप, तोही जिवंत, बाल्कांवावर, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, आणून सोडला. शिंपी पक्षी, शिंजीर, आणि मे महिन्यात दयाळाचं पिल्लू.

त्या पिल्लाबद्दल सांगते, कारण त्यानेच मला बदललं. दयाळाची पिल्लं पुरतं उडता येण्याआधीच घरट्यातून बाहेर पडतात. काही दिवस ती खालच्या फांद्यांवर, कुंपणाच्या पायथ्याशी, तुळशीमागे बसून राहतात आणि आई-बाप त्यांना तिथेच भरवतात. शेपूट अजून आखूड, छातीवर तपकिरी ठिपके, हाक मात्र मोठी. ती हाक आई-बापांना जशी ऐकू जाते तशी मांजरालाही जाते. चिंगीने ते तोंडात धरून आणलं तेव्हा ते जिवंत होतं. मी सोडवलं. एक थेंब रक्त नाही, पंख मोडलेला नाही. मला आनंद झाला. टोपलीत कापड घालून ठेवलं, दुसऱ्या दिवशी सकाळी ते मेलेलं होतं. नंतर पशुवैद्यांनी समजावलं की मांजराच्या तोंडात जे जंतू असतात ते त्याला काही करत नाहीत, पण त्याचा दात सुईएवढं भोक पाडून ते जंतू पक्ष्याच्या अंगात उतरवतो. ते भोक पिसांखाली दिसतसुद्धा नाही. वेळेवर औषध मिळालं नाही तर एक-दोन दिवसांत विष चढून पक्षी जातो. तेव्हा मांजराच्या तोंडून सुटलेला पक्षी ठणठणीत दिसला तरी तो जखमी आहे असंच समजायचं आणि त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यायचं. त्या दिवशी पिंपळावर बाप दयाळ संध्याकाळपर्यंत चोचीत अळी धरून फिरत होता.

माझ्या वहीत जे आलं ते तेवढंच नव्हतं, हेही नंतर कळलं. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात पन्नासेक पाळीव मांजरांच्या गळ्यात छोटे कॅमेरे बांधले गेले. त्यांनी पकडलेल्यातलं जेमतेम एक चतुर्थांश घरी आणलं, बाकीचं खाल्लं नाहीतर तिथेच टाकून दिलं. म्हणजे दारात एक सापसुरळी दिसली की आणखी तीन कुठेतरी पडल्या आहेत असं धरायचं. तिथेही सगळ्यांत जास्त बळी सरड्यांचेच होते. आपण पक्ष्यांवर हळहळतो कारण ते गातात. पाल मेली तर कोणी वहीत लिहीत नाही. पण पश्चिम घाटातल्या कितीतरी पाली जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. एकीच्या तर शास्त्रीय नावातच गोवा आहे, आणि तिची नोंद १९७६ सालची आहे.

न मारताही मांजर नुकसान करतं. इंग्लंडमध्ये शेफील्ड इथे संशोधकांनी पेंढा भरलेलं मांजर पक्ष्यांच्या घरट्याजवळ पंधरा मिनिटं ठेवून पाहिलं. ते उचलून नेल्यावरसुद्धा आई-बाप पिल्लांना भरवायला कमी वेळा आले, घट एक तृतीयांशाहून अधिक. वर त्यांच्या ओरड्यामुळे घरट्याचा पत्ता कावळ्याच्या जातकुळीतल्या पक्ष्यांना लागला. आपल्याकडे कावळा आणि भारद्वाज या कामात किती पटाईत आहेत ते परसात बसणाऱ्या कोणालाही माहीत आहे.

"मग उंदरांचं काय?" हा माईंचा दुसरा प्रश्न, आणि गोव्याच्या पावसाळ्यात तो गंभीर आहे. उंदरांमुळे पसरणाऱ्या लेप्टोच्या तापाने माणसं जातात. घरातला छोटा उंदीर मांजर मारतं, यात वाद नाही. आणि घरातला उंदीर मारायला मांजर घरातच लागतं, सड्यावर नाही! बाहेरचा मोठा उंदीर आणि घूस यांच्या वाटेला बहुतेक मांजरं जात नाहीत. न्यूयॉर्कमधल्या एका कचरा-केंद्रात उंदरांच्या मोठ्या वसाहतीवर कॅमेरे लावले होते. तिथली मांजरं उंदरांना पाहत होती, उंदीर मांजरांना टाळत होते, पण मारलेले उंदीर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. शेतातल्या आणि कुळागरातल्या उंदराला धामण आणि गव्हाणी घुबड हे दोन खरे वैरी. ती धामण आपण दिसेल तिथे मारतो, त्याचं मला राहून राहून वाईट वाटतं.

मांजराला कोंडणं हा त्याच्यावर अन्याय नाही का, असं कोणी विचारलं तर मी लगेच नाही म्हणणार नाही. पाच-सहा वर्षं मोकळं फिरलेलं मांजर एका दिवसात खोलीत टाकलं तर ते रडतं, दारं ओरबाडतं, नको तिथे मुततं. म्हणूनच मला कॅनबेराची तोड पटते. ज्याने बाहेरचं जग पाहिलंच नाही असं पिल्लू घरातच मोठं होऊ द्यावं. त्याला चढायला उंच फळी, नखं घासायला काथ्या गुंडाळलेला खांब, बघायला खिडकी आणि खेळायला माणूस मिळाला तर ते सुखी राहतं. आणि बाहेरचं जग गोव्यातल्या मांजराला फार मायेचं नाही. अजगर आहे, गावाच्या कडेला येणारा बिबट्या आहे, फुरसं आहे, मोकाट कुत्रे आहेत आणि सगळ्यांत वाईट म्हणजे रात्रीच्या गाड्या. घरातलं मांजर सहज बारा-पंधरा वर्षं जगतं. आमच्या वाड्यावरच्या फिरत्या बोक्यांतला इतकी वर्षं जगलेला एकही मला आठवत नाही.

अडचण येते ती घराचीच. फ्लॅटमध्ये खिडक्यांना जाळी मारली की काम झालं. आमच्या मंगळुरी कौलांच्या घरात मांजराला दार लागतच नाही. भिंत आणि छप्पर जिथे भेटतात तिथे वाशांच्या मधे वारा खेळायला फट ठेवलेली असते, तीच त्याची वाट. चिंगी माळ्यावरून त्या फटीत, फटीतून कौलांवर, कौलांवरून फणसावर. मला हे कळायला महिना लागला. मी दारं बंद करून निवांत होते आणि ती बाहेर. शेवटी सुताराकडून वाशांच्या मधे गॅल्व्हनाइजची चौकोनी जाळी ठोकून घेतली. वारा येतो, मांजर जात नाही. बाल्कांवाच्या खांबांमध्येही तीच जाळी लाकडी चौकटीत बसवली, म्हणजे तिला उन्हात लोळायला जागा झाली. विधीसाठी पसरट टबात सुतारकामाचा भुसा. पावसाळ्यात तो दोन दिवसांत दमट होऊन वास मारतो, म्हणून रोज बदलावा लागतो. हे काम आहे, आणि ते करायची तयारी नसेल तर मांजर पाळू नये असं माझं मत आहे.

ज्यांना एवढं जमणार नाही त्यांनीही हात झटकून बसू नये. मांजर जास्त करून शिकार करतं ते तिन्हीसांजेला, रात्री आणि झुंजूमुंजू होताना. दिवेलागणीला खायला घालून आत घेतलं आणि सकाळी उन्हं वर आल्यावर सोडलं तर बेडूक, पाली, रातवे यांचा मोठा धोका टळतो. पक्ष्यांची पिल्लं घरट्यातून उतरतात तो मार्च ते जुलैचा काळ जास्त जपायचा. इंग्लंडमधल्या एक्झिटर विद्यापीठाने २०२१ साली साधे उपाय घरोघरी करून पाहिले. मांसाचं प्रमाण भरपूर असलेलं खाणं दिलं तर मांजरांनी घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी कमी झाली, आणि रोज पाच-दहा मिनिटं दोरीला पीस बांधून खेळवलं तर २५ टक्क्यांनी. गळ्यातल्या घंटेचा मात्र ठळक परिणाम दिसला नाही. दूधभात खाणाऱ्या मांजराला मांस-मासळीची उणीव शिकारीने भरून काढावी लागते, हे आपल्याकडे विशेष लक्षात ठेवण्यासारखं. मांजर शाकाहारी होऊ शकत नाही, त्याच्या शरीराला लागणारी काही द्रव्यं फक्त मांसातूनच मिळतात.

आता ती राखून ठेवलेली ओळ. मोठा वाटा बिनमालकीच्या मांजरांचा. तुम्ही-आम्ही आपापली चिंगी आत घेतली तरी मासळी बाजारामागे, देवळाच्या धर्मशाळेत, किनाऱ्यावर जी मांजरं वाढतात ती तशीच राहणार. किनाऱ्याचं तर एक खास दुखणं आहे. ऑक्टोबर ते मे शॅक, म्हणजे वाळूवरची तात्पुरती खाणावळं, चालू असतात, पर्यटक मांजरांना कौतुकाने मासे घालतात, पिल्लं होतात, जगतात. पावसाळ्याच्या तोंडावर शॅक मोडले जातात, पर्यटक जातात, मांजरं तिथेच राहतात. त्या भुकेल्या मांजरांनी जायचं कुठे? जवळच्या झुडपात, सुरूच्या बनात, आणि नेमकं जिथे पक्ष्यांची घरटी आहेत तिथे. खायला घालणाऱ्यांची माया खरी असते यात शंका नाही. पण जो घालतो त्याने त्या मांजराची नसबंदीही करून घ्यावी, नाहीतर ती माया अर्धीच राहते. मांजरी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, दोन महिन्यांत विते, आणि आपल्या हवेत वर्षातून दोन-तीनदा. वाड्यावरच्या दहातल्या दोघींची नसबंदी करून उपयोग नाही, बाकीच्या आठ ती जागा भरून काढतात. एका दमात जवळजवळ सगळ्यांची व्हायला हवी. गोव्याने कुत्र्यांच्या बाबतीत हे करून दाखवलंय. वाड्यावाड्यावर जाऊन लसीकरण झालं आणि २०२१ साली राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झालं. तसं दारोदार काम मांजरांच्या नसबंदीचंही पंचायतींना घेता येईल.

कायद्याचं थोडक्यात. मांजर घरातच ठेवा असा नियम आपल्याकडे नाही, आणि दंडाच्या धाकाने हे व्हावं असं मला वाटतही नाही. पण नको असलेली पिल्लं पोत्यात घालून मासळी बाजारात सोडणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. मांजरांना विष घालणं हाही गुन्हाच. पक्ष्यांची कणव येऊन कोणी तसं काही केलं तर तो पक्ष्यांचा मित्र नव्हे. तेच विष दुसऱ्या दिवशी घारीच्या आणि मुंगसाच्या पोटात जातं.

माईंनी अजून एकही मांजर आत घेतलेलं नाही. पण गेल्या महिन्यात त्यांच्याकडच्या दोन मांजरींना आम्ही दोघी मिळून पिंजऱ्यातून दवाखान्यात घेऊन गेलो, तिसरी हाताला लागली नाही. तिच्यासाठी आता पडवीत रोज एकाच वेळी, एकाच थाळीत मासे ठेवतो आणि थाळी रोज वीतभर पिंजऱ्याकडे सरकवतो. पाऊस लागायच्या आत ती मिळाली पाहिजे, कारण सड्यावर चंडोल गायला लागलेत.